बिघाड कशाचा, भरपाई कुणाची?

अमेरिकेत घर विकत घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी सह्यांसाठी कागदांचा जो गठ्ठा समोर येतो, त्यात गृहविम्याची पॉलिसी असतेच असते. ती नसेल तर बँक कर्जाचे पैसे सोडत नाही. बरेचदा त्याच गठ्ठ्यात आणखी एक करार असतो, होम वॉरंटीचा. तो घर विकणाऱ्याने आपल्या खर्चाने दिलेला असतो किंवा रिअल इस्टेट एजंटने सुचवलेला असतो. एडिसन, प्लेनो, फ्रीमाँट अशा गावांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. दोन्हीचे पैसे नेमाने भरले जातात, पण कुठला कागद कधी बाहेर काढायचा हे पहिलं संकट येईपर्यंत कुणी पाहिलेलं नसतं. एसी बंद पडला की विमा कंपनीला फोन जातो, वादळाने छत उडालं की वॉरंटीवाल्यांना. दोन्हीकडून नकार येतो आणि ‘इथे सगळेच लुबाडतात’ असा निष्कर्ष निघतो. त्यात तथ्य नाही असं नाही, ते पुढे येईलच. पण बहुतेक नकारांचं मूळ त्याआधीच्या एका प्रश्नात असतं. काय बिघडलं, यापेक्षा ते कशामुळे बिघडलं, याला इथे किंमत आहे.

आधी विमा घेऊ. स्वतंत्र घरासाठी तिथे सर्वांत जास्त चालणारा नमुना एचओ-३ या नावाने ओळखला जातो. त्यात घराच्या इमारतीला व्यापक संरक्षण असतं. पॉलिसीत नावानिशी वगळलेल्या कारणांखेरीज कुठल्याही कारणाने नुकसान झालं तरी ते धरलं जातं. घरातल्या सामानाचं मात्र उलट आहे. आग, वीज, वादळ, गारा, चोरी, बर्फाचा भार, पाइप फुटणं अशी सोळा कारणं मोजून दिलेली असतात आणि त्यांपैकी एखादं लागू पडलं तरच सामानाची भरपाई मिळते. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडे राहण्याचा खर्च मिळतो. पाहुणा पायऱ्यांवरून घसरून पडला आणि दावा लावला तर त्या जबाबदारीचंही संरक्षण असतं. इतका मोठा पसारा असूनही झीज, गंज, कुजणं आणि यंत्राचा आपला आपण झालेला बिघाड ही चार कारणं स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलेली असतात. अचानक आणि अपघाताने जे घडेल ते विम्याचं, हळूहळू होत गेलं ते घरमालकाचं.

हा ‘हळूहळू’चा भाग कुणी तरी उचलावा, या गरजेतून होम वॉरंटीचा धंदा उभा राहिला. अमेरिकन होम शील्ड ही या धंद्यातली जुनी आणि मोठी कंपनी १९७१ साली सुरू झाली. नाव वॉरंटी असलं तरी हा उत्पादकाने दिलेला भरवसा नव्हे. हा वर्षभराचा सेवा करार असतो. कॅलिफोर्नियात विमा खातं या कंपन्यांवर देखरेख ठेवतं, टेक्सासमध्ये परवाने देणारं वेगळं खातं हे काम पाहतं. राज्य बदललं की नियम बदलतात. वर्षाची फी साधारण चारशे ते हजार डॉलरच्या दरम्यान. त्याशिवाय मेकॅनिक दारात आला की दर खेपेला पाऊणशे ते सव्वाशे डॉलर वेगळे. बदल्यात फर्नेस, एसी, वॉटर हीटर, घरातली नळजोडणी आणि वायरिंग, फ्रिज, डिशवॉशर अशी यंत्रणा वापरून वापरून बंद पडली तर कंपनी दुरुस्त करते किंवा बदलून देते. दर वस्तूला खर्चाची एक कमाल मर्यादा असते, आणि ती करारात पहिल्या पानावर सापडत नाही.

दोन्ही कागद एकाच वेळी कामाला लागतात तो प्रसंग म्हणजे वॉटर हीटर फुटणं. तळघरात फर्नेसशेजारी चाळीस-पन्नास गॅलनची उभी टाकी असते. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक लांब कांडी सोडलेली असते. पाण्यातला गंज आधी त्या कांडीला खातो, म्हणून टाकी टिकते. कांडी विरून गेली की गंजाची पाळी टाकीच्या तळाची. दहा-बारा वर्षांत तळ पातळ होतो आणि एका रात्री सगळं पाणी तळघराच्या गालिच्यावर येतं. समजा गालिचा, भिंतींचे खालचे तक्ते आणि पंखे लावून सगळं वाळवणं याला साडेचार हजार डॉलर लागले. नवा हीटर दोन हजारांचा. नव्या बांधकाम नियमांप्रमाणे एक छोटी जोडटाकी बसवावी लागते, नगरपालिकेचं परमिट लागतं आणि जुनं धूड उचलून न्यावं लागतं, त्याचे चारशे.

विमा कंपनी हीटरचा एक सेंटही देत नाही, कारण तो गंजून गेला. पण त्यातून अचानक फुटलेल्या पाण्याने झालेलं नुकसान ती देते. डिडक्टिबल, म्हणजे दर दाव्यात आधी स्वतः सोसायची रक्कम, हजार डॉलरचं असेल तर हातात साडेतीन हजार पडतात. वॉरंटी कंपनी गालिच्याकडे बघत नाही, हीटर मात्र शंभर डॉलरच्या भेट-फीवर बदलून देते. वरचे चारशे बहुतेक करारांत तुमचेच. सहा हजार नऊशेच्या खर्चात खिशातून दीड हजार गेले. वॉरंटी नसती तर तीन हजार चारशे गेले असते. एकोणीसशे डॉलर वाचले, पण हा हिशेब ज्या वर्षी हीटर फुटला त्या वर्षाचा आहे. ज्या चार वर्षांत काहीच फुटलं नाही, त्यांची फी यात धरलेली नाही.

याच जातीचा आणखी एक बारकावा भिंतीतल्या पाइपचा. पाइप अचानक फुटला तर त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी भिंत फोडून पुन्हा बांधण्याचा खर्च विमा देतो, पण पाइपचा तुकडा देत नाही. पाइप वॉरंटी देते, भिंत बहुधा देत नाही किंवा फक्त ढोबळ बुजवून देते. आणि तोच पाइप सहा महिने थेंब थेंब ठिबकत असेल तर विम्याचं दार बंद. आठवडे-महिने चाललेली गळती पॉलिसीत वगळलेलीच असते. छताचंही तसंच. गारांनी फुटलं तर विमा, म्हातारपणाने गळलं तर घरमालक. वॉरंटीत छप्पर घ्यायचं तर वेगळे पैसे भरून, आणि तेही छोट्या रकमेपुरतं. एसीवर वीज पडली तर विमा, कॉम्प्रेसर दमला तर वॉरंटी.

भारताशी नातं असलेल्या घरांसाठी पॉलिसीतल्या दोन जागा मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली डिसेंबरची. शाळांच्या सुट्ट्या लागल्या की तीन-चार आठवडे पुण्या-मुंबईला जायचं, आणि जाताना बिल वाचावं म्हणून हीटिंग बंद करायचं. न्यू जर्सीच्या थंडीत पाइपमधलं पाणी गोठतं, पाइप तडकतो, आणि बर्फ वितळलं की रिकाम्या घरात पाणी वाहत राहतं. गोठण्याने झालेलं नुकसान विम्यात धरलेलं आहे, पण घर गरम ठेवण्याची किंवा पाणी बंद करून नळ रिकामे करण्याची वाजवी काळजी घेतली असेल तरच. वॉरंटी तर गोठण्याला थेट बाहेरचं कारण मानते. दुसरी जागा सोन्याची. सामानाचा विमा लाख-दीड लाख डॉलरचा असला तरी दागिन्यांच्या चोरीला प्रमाणित पॉलिसीत अवघी पंधराशे डॉलरची मर्यादा असते. एका पाटलीलाही ती पुरत नाही. भारतीय घरं सोन्यासाठी हेरली जातात अशा बातम्या अनेक राज्यांतून येत असताना आईच्या, सासूच्या दागिन्यांचं मूल्यांकन करून ते पॉलिसीत नावनिशीवार नोंदवणं ही चैन राहिलेली नाही.

दोन्ही कागद मिळूनही उघडं राहतं ते पुराचं पाणी. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला आणि रॅरिटन नदीकाठचं मॅनव्हिल पाण्याखाली गेलं. जमिनीवरून आलेलं पाणी गृहविम्यात बसत नाही. त्यासाठी १९६८ साली सुरू झालेली केंद्र सरकारची राष्ट्रीय पूरविमा योजना आहे. तिच्यात घराला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे, आणि पॉलिसी लागू व्हायला सर्वसाधारणपणे तीस दिवस लागतात. वादळ टीव्हीवर दिसू लागल्यावर ती घेऊन उपयोग नाही. तळघरातला फर्नेस आणि हीटर ती धरते, पण हौसेने सजवलेल्या तळघरातला गालिचा, भिंती आणि सामान धरत नाही. तळघरात साचणारं पाणी बाहेर टाकणारा संप पंप बंद पडून पाणी वर आलं, तर ते तिसरंच प्रकरण. पंप वॉरंटीचा, नुकसान गृहविम्याचं, आणि तेही पाणी उलटण्याचं जोडकलम आधी विकत घेतलं असेल तर. तळघर असलेल्या घरात हे कलम नसणं मी मोठी उणीव मानते. भूकंपालाही कॅलिफोर्नियात वेगळी पॉलिसी लागते.

मग दोन्ही बरोबरीने ठेवण्यात अर्थ काय? एक सबळ कारण आहे, आणि ते क्वचितच सांगितलं जातं. विम्यावर केलेल्या प्रत्येक दाव्याची नोंद क्लू नावाच्या सामायिक नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहते आणि दुसरी विमा कंपनीही ती पाहू शकते. किरकोळ रकमांचे दोन-तीन दावे केले की हप्ता वाढतो, कधी नूतनीकरणच नाकारलं जातं. विमा कंपन्या स्वतःच हात आखडता घेत असताना ही जोखीम छोटी नाही. २०२३ च्या मे महिन्यात स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं होतं. वॉरंटीवर केलेली मागणी या नोंदवहीत जात नाही. म्हणून डिडक्टिबल अडीच हजारांवर न्यायचं, हप्ता खाली आणायचा, विमा मोठ्या संकटासाठी राखून ठेवायचा आणि यंत्रांच्या रोजच्या कुरबुरी वॉरंटीवर सोडायच्या, ही जोडणी कागदावर शहाणपणाची आहे.

व्यवहारात ती कितपत टिकते हे वॉरंटी कंपनीच्या वागण्यावर ठरतं, आणि इथे तक्रारींचा ढीग आहे. मेकॅनिक कंपनी निवडते, तुम्ही नाही. त्याने फॉर्मवर ‘देखभाल केलेली नाही’ किंवा ‘दोष आधीपासून होता’ असं लिहिलं की मागणी फेटाळली जाते. न्यू जर्सीच्या अॅटर्नी जनरलनी २०१४ साली नेमक्या याच तऱ्हेच्या नकारांवरून राज्यातल्या एका होम वॉरंटी कंपनीवर खटला भरला होता. ग्राहकांकडे वर्षानुवर्षांच्या देखभालीच्या पावत्या मागायच्या आणि त्या नाहीत म्हणून नाकारायचं, असा आरोप होता. पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे ७ लाख ८० हजार डॉलरवर तडजोड केली. दुसरी पद्धत रोख रकमेची. यंत्र बदलण्याऐवजी कंपनी पैसे देऊ करते, पण ते तिला घाऊक भावाने पडणाऱ्या किमतीइतके, तुम्हाला दुकानात पडणाऱ्या नव्हे. एसीच्या बाबतीत सध्या आणखी एक अडचण आहे. १ जानेवारी २०२५ पासून आर-४१०ए हा जुना वायू वापरणारी नवी घरगुती यंत्रणा बनवणं बंद झालं. बाहेरचं युनिट नव्या वायूचं घेतलं की आतली कॉइलही बदलावी लागते. आतलं युनिट बिघडलेलंच नाही म्हणून ते देणार नाही, असं कंपनी म्हणू शकते का, हे करारातल्या ‘बदल आणि सुसंगती’च्या कलमावर ठरतं. वॉरंटी घेणाऱ्याने आज पहिल्यांदा वाचायचं कलम हेच.

एजंट वॉरंटीची शिफारस करतो तेव्हा त्याचा त्यात काय लाभ आहे हे विचारायला संकोचू नये. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने २०१० साली स्पष्ट केलं होतं, की विशिष्ट ग्राहकाला वॉरंटी खपवण्याबद्दल कंपनीने एजंटला पैसे देणं कायद्यात बसत नाही, प्रत्यक्ष आणि वेगळ्या कामाचा मोबदला तेवढा चालतो. घर नावावर होऊन नोंद सार्वजनिक झाली की ‘शेवटची सूचना’ असं लाल अक्षरांत छापलेली, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव घातलेली पत्रं टपालपेटीत येऊ लागतात. ती बँकेची नसतात, सरकारची नसतात, वॉरंटी विकणाऱ्यांची असतात. सरळ फाडून टाकावीत.

गेल्या काही वर्षांत विमा कंपन्यांनीच एक मधला मार्ग काढला आहे. गृहविम्यालाच ‘इक्विपमेंट ब्रेकडाउन’ नावाचं जोडकलम घेता येतं. विजेच्या किंवा यांत्रिक कारणाने यंत्र अचानक निकामी झालं तर ते भरपाई देतं, आणि त्याची किंमत बहुतेक ठिकाणी वर्षाला शंभर डॉलरच्या आत असते. रस्त्यापासून घरापर्यंतचा पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप घरमालकाच्या मालकीचा असतो, हे अनेकांना तो फुटल्यावर कळतं. त्यासाठीही असंच स्वस्त कलम मिळतं. निव्वळ झीज इथेही बाहेरच, आणि या कलमाखालचा दावा विम्याचाच दावा ठरतो. तरी नवी यंत्रं असलेल्या घराला वॉरंटीपेक्षा ही दोन कलमं अधिक उपयोगी आहेत असं माझं मत आहे.

कोरं घर घेतलं असेल तर आणखी एक संरक्षण हाताशी असतं, बिल्डरची वॉरंटी. कारागिरीला एक वर्ष, नळ-वीज-हीटिंग यांना दोन आणि मूळ सांगाड्याला दहा वर्षं अशी तिची सर्वसाधारण घडण. न्यू जर्सीत १९७७ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. तिथली मेख अशी, की या योजनेखाली एकदा दावा लावला की त्याच दोषासाठी कोर्टात जाण्याचा रस्ता बंद होतो. भेगा मोठ्या असतील तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला गाठावं.

माझा निर्णय असा: गृहविमा जोडकलमांसह भक्कम ठेवावा, त्यात काटकसर नको. होम वॉरंटी तीन घरांना शोभते. जुन्या यंत्रांचं घर घेऊन डाउन पेमेंटमध्ये गंगाजळी आटलेल्यांना, पहिल्या वर्षापुरती, आणि शक्यतो विकणाऱ्याच्या पैशाने. दूरच्या राज्यातलं घर भाड्याने देऊन बसलेल्यांना, कारण भाडेकरूकडे माणूस पाठवायची सोय होते. आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कांना. बाकीच्यांनी तेवढीच फी दर वर्षी वेगळ्या खात्यात टाकावी. तीन वर्षांत वॉटर हीटरचे पैसे जमतात आणि मेकॅनिक आपल्या पसंतीचा बोलावता येतो. वॉरंटी घेतलीच, तर घर घेतानाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि फर्नेस-एसीच्या वार्षिक सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलीत ठेवाव्यात. नकाराला उत्तर द्यायला दुसरं काही उपयोगी पडत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या रूपात आहे, आणि तिथे मला जास्त कळकळीने लिहावंसं वाटतं. आपल्याकडे होम वॉरंटी अशी चीज नाही, पण तिचे तुकडे आपण हौसेने विकत घेतो. वॉटर प्युरिफायरची एएमसी, एसीची एएमसी, टीव्ही-फ्रिजची एक्स्टेंडेड वॉरंटी. या सगळ्याचे पैसे दर वर्षी भरणाऱ्या घरात खुद्द घराचा विमा नसतो. इथे विमा मिळत नाही असंही नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. तिच्यात पूर, वादळ, दरड, भूकंप, आग, दंगल, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं, हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. अमेरिकेत ज्या पुरासाठी आणि भूकंपासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, ते आपल्याकडे आधीच धरलेलं आहे. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण पाहिलेल्या राज्यात ही पॉलिसी घरोघरी असायला हवी होती.

ती महाग वाटते याचं कारण लोक फ्लॅटची बाजारकिंमत डोळ्यापुढे ठेवतात. विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. सातशे चौरस फूट कार्पेट एरियाला चौरस फुटामागे अडीच हजार बांधकाम खर्च धरला तर विमा साडेसतरा लाखांचा होतो, मग फ्लॅट दीड कोटीचा का असेना. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. या उदाहरणात ते साडेतीन लाख. रक्कम थोडी कमी लागली म्हणून भरपाईत कपात करण्याची जुनी पद्धत या पॉलिसीत नाही, आणि ती दहा वर्षांपर्यंतची एकदम काढता येते. सोसायटीने इमारतीचा विमा उतरवलाय का, हे आधी सेक्रेटरींना विचारावं. उतरवला असला तरी तुमचं सामान त्यात नसतं.

वॉरंटीची बाजू आपल्याकडे रेरा हा बांधकाम प्रकल्पांवरचा कायदा सांभाळतो. कायद्याच्या कलम १४ च्या पोटकलम ३ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत सांगाड्यात, कारागिरीत, बांधकामाच्या दर्जात किंवा सोयींत दोष आढळला आणि तो बिल्डरच्या नजरेला आणला, तर त्याने तीस दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. केला नाही तर भरपाई मागता येते. भिंतीला आलेली ओल, बाथरूमच्या छतावरचे डाग, निखळणाऱ्या टाइल्स यांसाठी विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ नाही, हळूहळू मुरणारं पाणी तिथेही वगळलेलंच आहे. ती बिल्डरची जबाबदारी असते, पण तोंडी सांगून आणि साइटवरच्या सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून पुढे काही सिद्ध करता येत नाही. ताबापत्रावरची तारीख पाहा. दोषांची यादी फोटोंसह लेखी करून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने बिल्डरला पाठवा, आणि पोच जपून ठेवा. सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून पाठवली तर उत्तम. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत ती त्याच्या हातात पडली पाहिजे.